देव्हाऱ्यातली फ्लॉपी

आधीच सांगून ठेवते मित्रांनो, यातलं एक अक्षरही तुम्हांला खरं वाटणार नाही. नका मानू! मी एक जुनी फ्लॉपी आहे. निळी, एका कोपऱ्यात चेपलेली. आणि जांभूळ गावचं एक अख्खं लग्न मी एकटीनं सावरलं आहे. समोर बसलेल्या मीनलच्या कपाळावर आठी पडली आहे. पडू दे!

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या दुकानदारानं "बाई, पक्का जपानी माल" म्हणून मला मीनलच्या आईच्या, कुमुदिनीबाईंच्या हाती दिलं. म्हणून मी जपानी. बाईंचं बदलापुरात पत्रिका छापायचं दुकान. कॉम्प्युटर नवा होता तेव्हाच त्यांनी त्यातले ड्रायव्हर माझ्या पोटात भरले. ड्रायव्हर म्हणजे रिक्षा हाकणारे नव्हेत हो! प्रिंटरशी बोलायचं कसं, हे कॉम्प्युटरला शिकवणारी विद्या. ती गेली की दोघे शेजारी बसूनही मुके.

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला बाईंनी कात्री, कटर मांडले आणि आम्हांलाही... म्हणजे मलाही पूजेत मांडलं. मूठमूठ हळदकुंकू वाहिलं. मग देव्हाऱ्यातून मला कुणी उचललंच नाही.

लग्नसराई आली. जांभूळच्या पुतळाबाई लेकीच्या पत्रिका न्यायला आल्या आणि नेमका कॉम्प्युटर बसला.

"वहिनी, फॉरमॅट मारतो. एकदम चकाचक!" बाईंचा दीर चंदू म्हणाला.

"आधी ड्रायव्हर काढून ठेव."

"अगं, नवीन विंडोज सगळ्यांना ओळखतं. टेन्शन नको घेऊ."

मारला फॉरमॅट. ड्रायव्हरसकट आतलं सगळं पुसलं गेलं. विंडोज आलं नटूनथटून, पण प्रिंटरला ओळख दाखवेना. चंदूनं वायर काढली, लावली, प्रिंटरची पाठ थोपटली. ढिम्म!

पुतळाबाईंनी बाकावर मांडी ठोकली. "पयली पत्रिका गावदेवीच्या पायाशी ठेवल्याबिगर आमच्यात दुसरी वाटत नाय. उद्या वाटायला निघायचंय. मी उठायची नाय."

"मावशी, हातानं लिहून देऊ?" चंदूनं विचारलं.

"देवीला तुजं कोंबडीचं अक्षर दाखवू?"

तेव्हा बाईंना मी आठवले. पण माझी पत्र्याची झडप हळदकुंकवानं गच्च बसलेली.

"ही आत घातली तर फ्लॉपीचा ड्राइव्ह पण खलास," चंदू ओरडला. "फेक तिला!"

फेक? मला? मी अशी शिंकले मित्रांनो, की सगळं हळदकुंकू चंदूच्या तोंडावर! हळदीनं माखून जेजुरीहून आल्यासारखा दिसू लागला. मग ड्राइव्हमध्ये शिरून खरखर गर्जले आणि प्रिंटर, पडदा, आवाज, मोडेम, सगळ्यांचे ड्रायव्हर एका दमात ओतले. एकटीनं! प्रिंटर किंचाळला आणि गणपती छापत पहिली पत्रिका बाहेर आली. शाई वाळायची वाट न बघता पुतळाबाईंनी ती पदराखाली घेतली. "बये, हिची रोज पूजा कर गं," म्हणाल्या.

पूजा? सीडी आल्यापासून माझ्यावर चहाची कपबशी ठेवतात. ठेवा! मी दबणारी नाही. तेवढं ध्यानात असू द्या: फॉरमॅट मारायच्या आधी ड्रायव्हर काढून घ्या, नीट जपा. माझ्यासारखी एकटी खंबीर असली की...

"ए, थांब थांब," मीनलनं कपबशी उचलली आणि माझी पाठ उजेडात धरून मोठ्यानं वाचलं. "आईचंच अक्षर आहे. 'ड्रायव्हर, चारपैकी तिसरी.' मग बाकीच्या तिघी कुठायत गं?"