पहिला आरसा

सुनावणी शिकागोच्या एका हॉटेलात होती आणि माझा जीव ओमाहात, माझ्या बर्न वॉर्डात अडकलेला. समोर मानसशास्त्रज्ञांची समिती बसलेली. भाजलेल्या माणसांबरोबरचं आमचं काम मानसशास्त्राची वेगळी शाखा म्हणून मान्य करा, एवढीच आमची मागणी. एकदा फेटाळून झालेली. पुन्हा फेटाळली तर जूनमध्ये वॉर्डातली माझी जागा जाणार, आणि आमच्याच हॉस्पिटलातल्या कोरीनच्या सर्वसाधारण मानसशास्त्र विभागातून ज्याला सवड असेल तो वर येऊन जाणार.

"मार्लिस, एकच सांग," समितीची अध्यक्षा रोझलिंड म्हणाली. "तुम्ही असं काय करता, जे बाकीच्या चांगल्या मानसशास्त्रज्ञांना जमत नाही?"

"हा प्रश्न तुला का पडला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मी जीभ चावली. पेशंटचा प्रश्न त्यालाच परत करायचा, ही आमची खोड. खोली चिडीचूप. त्यातून समोरचा बोलेपर्यंत थांबायचं, हे आम्हा सगळ्यांच्याच हाडीमाशी मुरलेलं, त्यामुळे कुणी तोंड उघडेना. माझे पाय टेबलाखाली हलत होते. शेवटी मीच हरले.

"आरसा," मी म्हणाले. "भाजलेला माणूस स्वतःचा चेहरा पहिल्यांदा बघतो, तेव्हा आम्ही जवळ असतो."

"जवळ काय, कुणीही बसेल की!" रोझलिंड म्हणाली.

उत्तर द्यायच्या आत फोन थरथरला. ड्वेनने आरसा मागितला तरच फोन करा, असं मी वॉर्डात बजावून आले होते. ड्वेन माझा पेशंट, वेल्डिंगचं काम करणारा. टाकीचा स्फोट झाल्यापासून त्याने आरशाचं नावही काढलं नव्हतं. मी माफी मागून बाहेर धावले. मागचं दार नीट लागलं नाही, पण तेव्हा लक्ष कुणाचं होतं!

"मागितलाय त्याने," माझ्या जागी वॉर्डात थांबलेली कोरीन म्हणाली. "तू उद्या येशील म्हणून सांगू?"

"अजिबात नाही. टाळलंस तर त्याला वाटेल, बघण्यासारखं काही उरलंच नाही. तूच दे."

"मी? अगं बाई, मी परीक्षेला घाबरणाऱ्या पोरांबरोबर काम करते! मला घाम फुटलाय."

"ऐक. समोर उभी राहू नकोस, शेजारी बस. समोर राहिलीस तर तो आधी तुझं तोंड बघेल, आणि तोच त्याचा पहिला आरसा. आरसा त्याच्या हातात पालथा दे. सुलटा करेल तो त्याचा तो. आधी हात बघू दे, मग हनुवटी, मग तो थांबेल, तूही थांब. आणि 'छान दिसतोस' म्हणालीस ना, तर बघच!"

तिने फोन खिशात टाकला, चालूच. मी येरझाऱ्या घालत होते. खरं सांगते, हिचं चुकावं असं मला वाटून गेलं. हिला जमलं तर मला कोण विचारतो? मग स्वतःचीच शिसारी आली. तिकडे तो माणूस आरसा धरून बसलाय आणि मी माझी खुर्ची सांभाळतेय.

"बघितलं त्याने," कितीतरी वेळाने कोरीन कुजबुजली. "म्हणाला, भुवया कुठे गेल्या? हसला. मग खूप रडला. मी नुसती बसून राहिले गं."

"शाबास," मी म्हणाले, आणि ते मनापासून होतं.

आत आले तर सगळे माझ्याकडे बघत होते. दार उघडंच राहिलं होतं.

"दोन मिनिटांत शिकवलंस तू तिला," रोझलिंड म्हणाली. "म्हणजे कुणालाही जमतं."

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता मी. खोटं बोलणार तरी कशी?

"जमतं," मी म्हणाले. "कुणी शिकवलं तर. जूननंतर तिने फोन कुणाला करायचा?"

पुन्हा तीच शांतता. या खेपेला मी ओठ घट्ट मिटून बसले. रोझलिंडने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मग पेन उचललं. "हनुवटीनंतर तो थांबतो," ती म्हणाली. "पुढे काय करायचं?"