देवू प्यायलेला नव्हता

नवं औषध द्यायचं तर शैलेशच्या सगळ्या गोळ्या तीन आठवडे आधी बंद कराव्या लागतील, असं डॉक्टर दीपिका हेमांगीला म्हणाल्या. गोळ्या घेऊनही तिचा नवरा धड नव्हता. त्या बंद केल्यावर काय उरणार होतं?

आजाराला दोन वर्षं झाली होती. बोईसरच्या त्यांच्या फ्लॅटमधून एमआयडीसीची धुराडी दिसत, म्हणून शैलेश दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसायचा. कुकरची शिट्टी झाली की फरशीवर पालथा पडायचा, कान दाबून. हेमांगीने कुकर माळ्यावर टाकून दिला आणि डाळ पातेल्यात शिजवायला सुरुवात केली. नववीतली मोनाली बापाशी बोलताना हळूहळू कुजबुजायलाच लागली. चार तऱ्हेच्या गोळ्या बदलून झाल्या, मुंबईला नेऊन विजेचे झटकेही देऊन झाले. पंधरा दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

त्याला काय झालंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. तारापूरच्या ज्या केमिकल कंपनीत तो शिफ्ट इनचार्ज होता, तिथे भरदुपारी रिअ‍ॅक्टर फुटला. शैलेशचा डावा हात आणि मान भाजली. देवू नावाचा ठेक्यावरचा कामगार जागीच गेला. शवविच्छेदनापुरतंही फारसं काही हाती लागलं नव्हतं. चौकशीच्या कागदावर मात्र स्वच्छ लिहून आलं: मयत कामगार दारूच्या नशेत होता, कुणालाही न विचारता आत गेला आणि त्याने चुकीचा व्हॉल्व्ह फिरवला. खाली साक्षीदार म्हणून शैलेशची सही.

ही सही कशी झाली ते फक्त हेमांगीला माहीत होतं. स्फोट झाला त्याच संध्याकाळी दवाखान्यात शैलेशने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "हेमा, मी पाठवलं त्याला. तो नको म्हणत होता."

हेमांगीने दाराकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला. "हे पुन्हा कुणाजवळ बोलायचं नाही. ऐकलंत? मोनाली आहे आपल्याला."

चौथ्या दिवशी कंपनीचे मॅनेजर विपुलभाई टाईप केलेला कागद घेऊन आले. शैलेशच्या हाताला पट्ट्या होत्या, कागद हलत होता. हेमांगीने तो खालून धरला. त्यानंतर शैलेश त्या दुपारबद्दल कधी बोलला नाही. पुढे पुढे तर विचारलं की म्हणायचा, "आठवत नाही," आणि ते खरंच वाटायचं.

डॉक्टर दीपिकांच्या मुंबईतल्या इस्पितळात सरकारी परवानगीने एका औषधाचा अभ्यास सुरू होता. डॉक्टर दीपिकांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "अळंबीच्या काही जातींत हे द्रव्य असतं. त्यानं माणसाला भास होतात, म्हणून जगानं ते पन्नासेक वर्षं कुलपात टाकलं होतं. आता पुन्हा तपासतायत सगळे. काहींच्या मनातली गाठ सुटते, काहींना काहीच होत नाही, काहींना त्रास होतो. जादू समजू नका."

शैलेशची आई, माई, चिंचणीहून मुद्दाम आली. वाडीतली चिकूची पिशवी ओट्यावर आपटत म्हणाली, "कुत्र्याच्या छत्र्या खायला घालता माझ्या पोराला? येडी झालीस काय तू?"

"माई, दुसरं काही उरलंय का?"

माई पिशवीतले चिकू एकेक करून बाहेर काढू लागली. तिलाही पोराकडे बघवत नव्हतं.

गोळ्या बंद झाल्यावरचे ते तीन आठवडे हेमांगीने कसे काढले ते तिचं तिला माहीत. सुऱ्या, फिनेल, गच्चीची किल्ली, सगळं तिने शेजारणीकडे नेऊन ठेवलं. शैलेशने अंघोळ सोडली. एकदा ताटातला भात बोटांनी चिवडत म्हणाला, "मला सोडून दे ना तू." तिने भात कालवून त्याला मुलासारखा भरवला.

औषधाच्या दिवशी तिला आत बसू दिलं नाही. खोलीत एक पलंग, मंद संगीत, शैलेशच्या डोळ्यांवर कापडी पट्टी आणि उशाशी डॉक्टर दीपिका आणि एक समुपदेशक. बाहेरच्या बाकावर हेमांगी सहा तास बसून होती. दुसऱ्या तासाला आतून शैलेशचा आवाज आला. तो ओरडत नव्हता, गुरासारखा हंबरत होता. ती उठली. नर्सने खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. त्या शांततेतही तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि नुसता शैलेशसाठी नव्हे. आत तो काय बोलतोय, याची तिला भीती वाटत होती.

दार उघडलं तेव्हा शैलेश पलंगावर बसून पाणी पीत होता. चेहरा सुजलेला. पण डोळे तिच्याकडे बघत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"मला वाटलं होतं देवू दिसेल," तो म्हणाला. "दिसला नाही. नुसता माझाच आवाज. 'जा रे, दोन मिनिटांचं काम आहे.' पुन्हा पुन्हा तेच. एरवी मी त्या आवाजापासून पळायचो. या वेळी पळायला जागा नव्हती, हेमा. म्हणून शेवटपर्यंत ऐकलं. तापमान चढत होतं, सगळ्यांना बाहेर काढायला हवं होतं. विपुलभाई फोनवर म्हणाले, माल वाया घालवू नकोस. देवू म्हणाला, 'वाफ लय हाय साहेब.' मग म्हणाला, 'तुमी म्हणता तर जातो.'"

हेमांगीने मान खाली घातली. डॉक्टर दीपिका टिपणं काढत होत्या.

त्या रात्री तो झोपला. आठवड्याने त्याने स्वतः खिडकी उघडली. पंधरा दिवसांनी मोनालीला गणित शिकवायला बसला आणि तिचं चुकलं तेव्हा चक्क हसला. हेमांगीने देवापुढे साखर ठेवली. आणि त्याच दिवशी तो म्हणाला, "मला देवूच्या बायकोकडे जायचंय."

"कशाला?"

"सांगायला."

तिने अडवून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी एकट्याला कसं सोडायचं म्हणून तीही निघाली. वाणगावला उतरून टमटमने, मग पायी. कार्तिक लागला होता. पाड्यावर भात झोडणं चाललं होतं. देवूची बायको बायडी खळ्यात पेंढ्या आपटत होती. सरावलीची भाड्याची खोली सोडून ती नवरा गेल्यावर इकडेच येऊन राहिली होती. ती शैलेशला ओळखत होती. हातातली पेंढी तिने खाली ठेवली नाही.

शैलेश उभ्यानेच बोलला. सगळं, जसं घडलं तसं. आणि शेवटी, "देवू प्यायलेला नव्हता. ते खोटं होतं. मी सही केली."

बायडीचा दीर जिवल्या कोयता हातात घेऊन जवळ येऊन उभा राहिला. तिने त्याला हातानेच मागे सारलं.

"पोरगी तापानं गेली त्या साली त्यानं दारू सोडली होती," ती म्हणाली. "मला शपथ दिली होती. तुमची माणसं येऊन सांगून गेली, पिऊन मेला. मी म्हणलं, खोटारडा. शपथ मोडून मेला." तिचा आवाज चढला नाही. "त्याचं दिवसकार्य मी केलं नाय. पाड्यातली म्हणत होती, कर. मी नाय केलं. दोन वरसं रोज शिव्या दिल्या मी त्याला."

शैलेश रडू लागला. बायडी त्याच्याकडे बघत राहिली.

"आता बरं वाटतं तुमाला?"

त्याला खोटं बोलता आलं नाही. "हो," तो म्हणाला.

"मंग झालं तुमचं काम. माझ्यापुढं बोलून काय होतंय? जिथं लिवलंय तिथं जाऊन बोला."

तिने हातातली पेंढी उगारली आणि पुन्हा आपटायला लागली. दाणे त्यांच्या पायांपर्यंत उडाले.

शैलेश पालघरला चौकशी अधिकाऱ्यांकडे गेला आणि नवा जबाब देऊन आला; औषधाचंही त्याने लपवलं नाही. परतला तेव्हा ताठ चालत होता. कंपनीने आजारपणातही चालू ठेवलेला पगार थांबवला, तरी तो डगमगला नाही. पण महिन्याभराने कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं, आणि त्यात शैलेशला खोटारडा कुठेच म्हटलं नव्हतं. उलट मोठी सहानुभूती होती. हे गृहस्थ दोन वर्षं मनोरुग्ण आहेत. त्यांनी अलीकडेच भास निर्माण करणारं द्रव्य घेतलं आहे. घटना आठवत नसल्याचं ते आजवर स्वतःच डॉक्टरांना सांगत आले आणि या द्रव्याच्या अमलाखाली त्यांना ती अचानक 'आठवली'. अशा आठवणीवर कुणाला दोषी धरता येईल का?

अधिकाऱ्यांनी इस्पितळाकडे लेखी विचारणा केली. डॉक्टर दीपिकांनी हेमांगीला फोन केला. "औषधाखाली आलेली आठवण खरी की मनानं रचलेली, हे आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. शास्त्र अजून तिथवर गेलेलं नाही. मला तेच लिहावं लागेल." मग त्या म्हणाल्या, "मला त्यांचं खरं वाटतं. पण माझ्या वाटण्याला काही किंमत नाही. मी मला वाटतं ते लिहिलं, तर हा अभ्यासच पुन्हा कुलपात जाईल."

ते उत्तर गेलं आणि शैलेशचा जबाब फायलीत निजला.

मग जे झालं ते हेमांगीला सर्वांत भयंकर वाटलं. शैलेश स्वतःच डळमळू लागला. "हेमा, ते म्हणतात ते खरं असेल का?" तो विचारायचा. "भासच असेल का तो? इतकी वर्षं आठवलं नाही, तेव्हाच कसं आठवलं?" आधी दिवसातून एकदा, मग चारचारदा. खिडकी बंद झाली. मोनालीची वही मिटून टेबलावर पडली. "खरंच पाठवलं होतं का मी त्याला?"

एक शब्द बोलायचा होता. 'नाही' म्हटलं असतं तर कदाचित तो सुटलाही असता. पगार सुरू झाला असता, घर सावरलं असतं. विपुलभाईंचा तसा निरोपही येऊन गेला होता. हेमांगीने दोन दिवस काही उत्तर दिलं नाही. पोळ्या लाटायची, कपडे वाळत घालायची आणि त्याचा प्रश्न आला की नळ सोडायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाणीघराच्या दारात बसला होता, डोकं चौकटीला टेकून. तिला खळ्यातली बायडी आठवली. मेलेल्या नवऱ्याला रोज शिव्या देणारी. आणि इथे हा, जिवंत असून स्वतःच्याच शब्दांवर विश्वास नसलेला. दोघांनाही तिनेच या दशेला आणलं होतं, एका तळहाताने.

ती त्याच्यासमोर बसली. "पाठवलं होतंत," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी मला सांगितलंत तुम्ही. औषध घेण्याच्या दोन वर्षं आधी. मी तोंड दाबलं तुमचं. सही करताना कागद मी धरला होता."

शैलेश तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, मारेल. त्याने नुसतं विचारलं, "मग मला वेडा का होऊ दिलंस?"

तिने उठून खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच पालघरला गेली. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "दोन वर्षं गप्प का बसलात, बाई?"

"घाबरले."

"आणि आता?"

"आताही घाबरलेय. लिहून घ्या."

चौकशी पुन्हा उघडली. पुढच्या वैशाखात आदेश निघाला. मयत कामगार नशेत असल्याचा कोणताही पुरावा नाही, तो वरिष्ठाच्या आज्ञेवरून आत गेला, असं त्यात होतं. विपुलभाईंच्या फोनचा मात्र पुरावा मिळाला नाही; ते सुटले. हलगर्जीपणाचा गुन्हा एकट्या शैलेशवर दाखल झाला. औषधाचा गुण तोवर ओसरत चालला होता आणि अभ्यासाच्या नियमात दुसरा डोस बसत नव्हता. काही दिवस तो झोपायचा, काही दिवस नाही. पण देवूचं नाव घेऊन बोलायचा. हेमांगीशी कामापुरतं बोलायचा, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं.

आदेशाची प्रत घेऊन हेमांगी पाड्यावर गेली. ऊन रणरणत होतं. बायडी नुकतीच वीटभट्टीवरून परतली होती. तिच्या टाचा विटेच्या रंगाच्या झाल्या होत्या. जिवल्याने ओसरीत बसून अडखळत वाचून दाखवलं, हेमांगीच्या जबाबासकट.

"कुठं हाय त्याचं नाव?" बायडीने विचारलं.

जिवल्याने बोट ठेवलं. तिनेही त्याच जागी आपलं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"पुन्ना वाच. दारूचं वाच."

त्याने पुन्हा वाचलं. मग तिने हेमांगीकडे पाहिलं.

"त्या साहेबाला धरतील?"

"बहुतेक."

"आनी तुमाला?"

"मला नाही."

"का?"

हेमांगीने आपला तळहात पदराखाली घेतला. बायडी कागदाची घडी घालून, तो घेऊन आत गेली.