बटणाखालचा तांदूळ

अंगावर इतकी अक्षरं वागवली, पण स्वतःबद्दल कधी शब्द काढला नाही. आज काढतो. मी एक कीबोर्ड. पूर्वी पांढरा होतो, आता कढीसारखा पिवळट झालोय.

माझ्या पाठीवर परदेशी नाव आहे. परदेशी वस्तू तेव्हा गावोगाव येऊ लागल्या होत्या. पाटोद्यात रंगीत टीव्ही आले, एसटीडीचे बूथ आले, त्यांच्यामागून गोणपाटात गुंडाळलेला मी एसटीच्या टपावरून आलो.

मला धर्मादाय दवाखान्यात ठेवलं. गावात रक्तपेढी नव्हती. बाळंतीण अडली की तिच्या रक्तगटाचा माणूस शोधायला सायकली पळत. आता रक्तदात्यांची नावं संगणकात राहणार होती. बटण दाबलं की माणूस सापडणार. त्यासाठीचा प्रोग्राम शहरातून लिहून आला होता.

तो तपासायला शिवांजली आली. सिरसाळ्याच्या किराणा दुकानदाराची मुलगी. विद्यापीठात ती सॉफ्टवेअर टेस्टिंगवर संशोधन करत होती. प्रोग्राम कुठे चुकतो, आणि माणसाचं नुकसान होण्याआधी ती चूक पकडायची कशी, हा तिचा विषय. बाकीचे माझ्यावर बोटं आपटत, ती टेकवायची. मुद्दाम कुणाचं वय दोनशे लिहायची. प्रोग्रामने ते नाकारलं की म्हणायची, "शहाणा आहेस." मला वाटायचं, मलाच म्हणतेय.

तरी तिचं समाधान होत नव्हतं. आणि दवाखान्याचे अध्यक्ष सुंदरराव दसऱ्याला उद्घाटन करायला निघाले होते.

"काका, आणखी आठ दिवस द्या."

"कावून? चुका सापडल्या का?"

"सापडत न्हाईत, म्हणूनच."

"अगं पोरी, चूक न्हाई म्हणून थांबायचं, हे कंचं शिक्षण? पत्रिका वाटून झाल्या!"

ती पुन्हा माझ्याकडे वळली. नुसती शंका कोण ऐकून घेतं?

खंडेनवमी आली. दवाखान्यातल्या आया छबुबाईंनी कात्र्या, तराजू, सलाईनचा स्टँड सगळं पुजलं आणि माझ्याकडे वळल्या. संगणकाच्या पडद्याच्या कपाळी विभूतीची तीन बोटं ओढली, मला हळदीकुंकू लावलं. अक्षता मूठभर.

"मावशी, पुरे. आत जातील."

"जाऊ दी की. येवढं मोठं यंतर हाय, त्याला चिमूटभर टाकू व्हय?"

एक दाणा माझ्या 'ए'च्या बटणाखाली शिरला. दुपारी शिवांजली यादीत एक नाव भरू लागली आणि ते बटण खालीच बसलं. पडद्यावर ए, ए, ए... थांबेचना. शेवटी तिने माझी वायर ओढली.

टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाँदभाईंना बोलावलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हरने बटण उचकलं. "ताई, दाना फसलाय. काढून टाकतो."

वायर पुन्हा जोडून शिवांजली यादी बघत होती. एकदम ती म्हणाली, "थांबा! काढू नका. होता तसाच बसवा."

"लोक मला दुरुस्तीला बोलवतात. तुमी बिघडवायला बोलवलं का?"

तिने सुंदररावांनाही बोलावून घेतलं. यादीत त्या अर्धवट नावापुढचं नाव त्यांचंच होतं; त्यांचा रक्तगट तिने पुन्हा नीट 'बी' करून दाखवला. मग त्यांच्या आधीच्या नावात पुन्हा ते बटण दाबलं. ते अडकलं, अक्षरं धावली, वायर निघाली. मग यादी उघडली. सुंदररावांचा गट 'ए' झाला होता.

"माझं रगत कुणी बदललं बे?" ते चाँदभाईंवर उखडले.

"मी न्हाई साहेब. तांदळानं."

"नावाचा कप्पा भरला तरी प्रोग्राम थांबत न्हाई, काका," शिवांजली म्हणाली. "उरलेली अक्षरं शेजारच्याच्या रक्तगटाच्या कप्प्यात सांडतात, आणि तिथं एकच अक्षर मावतं. काही वेडंवाकडं दिसलं असतं तर कुणीही थबकलं असतं. हे खरं वाटतंय. 'ए' गटाची बाई अडली असती, तर आपण तुमाला घेऊन आलो असतो. तुमचं रक्त जुळत न्हाई हे कळेपर्यंत..."

सुंदरराव समोरच्या बाळंतिणींच्या खोलीकडे बघत राहिले.

"नारळ फोडू, पेढे वाटू," ते हळूच म्हणाले. "यंतर मात्र बंद ठेवा."

दारात छबुबाई पदराने डोळे पुसत होत्या. "माझ्यापायी बिघडलं, बाई."

शिवांजलीने त्यांचा हळदीचा हात धरून माझ्यावर ठेवला. "मावशी, इतके दिवस मी माझ्याच बोटांनी तपासत होते. तुमची मूठ मला सुचलीच नव्हती."

प्रोग्राम दुरुस्त होऊन आला. तिने अडकलेलं बटण घेऊनच तो पुन्हा तपासला, तेव्हा कुठे यादी सुरू झाली. पौषात एक बाळंतीण अडली. तिला बी गटाचं रक्त हवं होतं. यादीने सुंदररावांचं नाव दिलं. ते चप्पल न घालताच आले. आई आणि लेक दोघी वाचल्या.

पुढे दवाखान्यात नवीन संगणक आले. माझी जाड गोल पिन कुठे बसेना. भंगारात निघालो होतो, शिवांजलीने मागून घेतलं. आता ती बीडच्या कॉलेजात शिकवते आणि मी तिच्या टेबलावर असतो. 'ए' अडकतो हे कळलं की प्रत्येक नवा विद्यार्थी मला उलटा करून झटकायला बघतो.

बाळांनो, तेवढं करू नका. एवढं एकच मागणं आहे. तो दाणा राहू द्या.

खंडेनवमीला शिवांजली मला अजून पुजते. अक्षता मात्र चिमटीने नाही टाकत. छबुबाईंसारख्या, मूठभरून.