चार बोटांची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. हसू नका! आकडे कोरलेली, शाळेच्या दप्तरातली पट्टी नव्हे मी. एका लहानशा बेटावरच्या मच्छीमाराने तुटक्या वल्ह्यातून मला घडवलं, बरोबर चार बोटं रुंद. माझ्याभोवती दोरा फिरवून गाठ मारली की जाळ्याचं एक भोक तयार. त्या भोकांतून मोठे मासे सुटत नसत आणि लहान अडकत नसत. "पोरं जाऊ देत घरी, बाप तेवढे आपले," असं तो गमतीने म्हणायचा. चाळीस वर्षं माझ्याशिवाय त्याचं पान हललं नाही.

पुढे मोठे ट्रॉलर आले आणि समुद्र खरवडून नेऊ लागले. बेटावरच्या एकेका घराला कुलूप लागलं. मच्छीमाराची सून नवऱ्याला म्हणायची, "शहरात बर्फाच्या कारखान्यात काम मिळतंय. इथे काय वारा खाऊन राहायचं?" पण पोराचा त्या पाण्यावर भारी जीव. त्याला बेट सोडायचं नव्हतं, आणि म्हणूनच त्याने ती चूक केली. बाप लकव्याने अंथरुणाला खिळला होता. पोराने रंधा काढला आणि मला तासून दोन बोटांवर आणलं. "बाबांना बोलू नकोस," असं बायकोला बजावलं.

नव्या जाळ्याने दोन वर्षं टोपल्या भरभरून दिल्या. शेजारी म्हणाले, "पोराने नाव काढलं हो!" घरोघरी मला उसनी नेऊ लागले. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू? टोपलीत सगळी पिल्लंच होती, हे मला दिसत होतं. तिसऱ्या वर्षी जाळ्यात नुसतं शेवाळ आलं.

तोवर म्हातारा काठी टेकत अंगणात येऊ लागला होता. वाळत घातलेल्या जाळ्यात त्याने सवयीने हात घातला. दोनच बोटं आत गेली. त्याने मान वळवून शेजारी उभ्या पोराकडे पाहिलं.

पोराला रडू फुटलं. "बाबा, मला इथंच राहायचं होतं हो!"

"ठाऊक आहे रे," म्हातारा म्हणाला. "म्हणून तर तुला बोल लावत नाही."

मित्रांनो, तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

महिन्याभरात पोराने बिऱ्हाड लाँचवर चढवलं. "चला ना आमच्याबरोबर. इथे एकटे काय करणार?" तो काकुळतीला आला.

"मासे परत आले तर घरी कुणीतरी नको का?" म्हातारा म्हणाला आणि धक्क्यावरच थांबला.

आता मी खिडकीत पडून असते. रंध्याने काढलेलं लाकूड पुन्हा चिकटत नाही. बाळांनो, पोटापुरतं जरूर घ्या, पण पिल्लांना पाण्यात राहू द्या. त्यांना मोठं व्हायला चार-पाच वर्षं लागतात. माझा म्हातारा चौऱ्याऐंशीचा आहे.