स्टॅबिलायझरचं झाकण

मिल युनियनच्या नानासाहेबांचा माणूस सांगत आला, तेव्हा मी दुकानात पोहे खात होतो. "कॉम्प्युटर चालू होत नाहीये, आत्ताच्या आत्ता चल," एवढंच म्हणाला. मी बॅग उचलली आणि शिव्या घालतच निघालो. सकाळपासून जुन्या इंदुरात तेच चाललं होतं. दहाच्या सुमाराला खांबावरची न्यूट्रलची तार तुटली आणि घराघरांत दोनशेवीसच्या जागी चारशे व्होल्ट घुसले. बल्ब फटाफट फुटले, टीव्ही जळाले, आणि ज्याला त्याला धनेशच पाहिजे. जणू माझ्या बापानंच वीज सोडली होती!

युनियनच्या खोलीत शिरलो, तर आधी रक्तच दिसलं. मिलचे टाइमकीपर शामराव, सगळ्यांचे बाबूजी, खुर्चीत बसले होते. खालचा ओठ फाटलेला, चष्म्याची एक काच गायब, सदरा गळ्यापर्यंत लाल. भोवती वीसएक माणसं, सगळी बंद पडलेल्या मिलची. नानासाहेबांनी मागून त्यांचे दोन्ही खांदे दाबून धरले होते. आणि समोर, हातात लाकडी धोटा घेऊन, माझे बाबा, श्रीकृष्ण मिस्त्री.

धोटा तुम्ही पाहिलाय का? मागावर सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे धावतो तो. हातभर लांब, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. मिल बंद झाली तेव्हा बाबांनी आठवण म्हणून एक घरी आणला होता.

"हे काय चाललंय?" मी ओरडलो.

"तू मशीन बघ," नानासाहेब म्हणाले. "यानंच जाळलंय. कसं जाळलं ते सांग, बस."

मशीनमध्ये काय होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सहाशे बारा बदली कामगारांची नावं. बदली म्हणजे कायमचा माणूस आला नाही की त्याच्या जागी काम करणारा. वीस-वीस वर्षं राबले, पण मस्टरवर त्यांचं नाव कधी चढलंच नाही. सात वर्षांपूर्वी मिल बंद झाली, तेव्हा मालकानं हात झटकले, हे आमचे कामगारच नव्हते म्हणाला. कोण कुठल्या पाळीत, कुणाच्या जागी उभा होता, हे एकट्या शामरावांना आठवत होतं. अकरा महिने रोज येऊन त्यांनी एकेकाला विचारलं, आठवलं आणि टाइप केलं. आज तीन वाजता लेबर कोर्टात ती यादी द्यायची होती, पानापानावर शामरावांची सही करून. शेवटची माणसं कालपर्यंत येत होती, म्हणून छापायचं आज सकाळी ठरलं होतं.

फ्लॉपीवर कॉपी काढून ठेवा म्हणून मी दहा वेळा बोंबललो होतो. नानासाहेबांनीच नाही म्हटलं. फ्लॉपी खिशात मावते, मालक ती विकत घेईल म्हणे!

मी मागून प्लग तपासला, वायर बदलली. पंखा हलेना. कॅबिनेट उघडलं तर जळका वास भपकन नाकात गेला. पॉवर सप्लाय खलास. बॅगेतला दुसरा लावला. पंखा फिरला, पण मशीन गप्प. मदरबोर्डही गेला होता.

"चारशे व्होल्ट आत आले," मी म्हणालो. "पूर्ण मोहल्ल्यात आले. यात बाबूजींचा काय कसूर?"

"शेजारचा फोटोकॉपीवाला वाचला की!" नानासाहेब म्हणाले. " त्याच्याकडे स्टॅबिलायझर आहे. आपल्याकडे पण आहे. मग आपलंच कसं जळालं, भिया? काल हा मालकाच्या मॅनेजरबरोबर चहा पीत होता. मैंने खुद देखा है."

"मॅनेजर माझ्या मेहुण्याचा व्याही आहे," शामराव फाटक्या ओठातून म्हणाले. नानासाहेबांनी त्यांच्या कानशिलात हाणली. उरलेली काच फुटली आणि गालात घुसली. कुणी मधे पडलं नाही. ऑफिसातला माणूस तो, पाच मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापणारा. सगळ्यांचे जुने हिशेब होते त्याच्याशी. माझ्या बाबांचे सगळ्यांत जुने.

"आतली हार्ड डिस्क काढून दुकानात लावून बघतो," मी म्हणालो. "यादी कदाचित असेल अजून."

"आधी कसं जळालं ते सांग. तोवर इथून काही हलणार नाही."

नानासाहेबांची गोष्ट खोटी नव्हती. चारशे आले की स्टॅबिलायझरनं टक करून लाइन तोडायला पाहिजे. मी टेबलाखाली वाकलो, त्याचे चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत कुणीतरी येणारी वायर सरळ जाणाऱ्या वायरला जोडून टाकली होती. वर दिवा लागायचा, काटा हलायचा, पण आतून सगळा कारभार डायरेक्ट. जोडावर काळी टेप, टेपवर पांढऱ्या सुताचे घट्ट वेढे आणि शेवटी दुहेरी गाठ.

मिलच्या गरमीत टेप सुटते म्हणून जोडावर सूत गुंडाळायची सवय इंदुरात एकाच मिस्त्रीला होती. आमच्या घरातला प्रत्येक जोड तसाच आहे.

मी झाकण परत लावलं.

हो, लावलं! वीस पिसाळलेली माणसं आणि मधोमध माझा बाप. साठीचा, दम्याचा. काय करणार होतो मी? एक स्क्रू बसवला. दुसरा हातात घेतला.

"कोणत्या हातानं केलंस?" वरून बाबांचा आवाज आला. जन्मभर ज्यांना अहो-जाहो केलं, त्यांना आज ते अरे-तुरे करत होते.

"मी फक्त बटन दाबलं, श्रीकृष्णजी."

"कोणत्या हातानं दाबलंस?"

दोघांनी शामरावांचा उजवा हात ओढून टेबलावर पसरला. मी दुसरा स्क्रू फिरवत होतो. धोट्याचं लोखंड लाकडावर आपटलं आणि त्या आवाजात दुसरा एक बारीक आवाज होता, वाळकी काटकी मोडल्यासारखा. शामराव ओरडले नाहीत, नुसता श्वास आत ओढला. बाबांनी धोटा पुन्हा उचलला आणि हाणला. दोन बोटं उलटी वळली. तिसऱ्यांदा हात वर गेला.

तेव्हा माझं डोकं सटकलं. मी झाकण उपसून स्टॅबिलायझर टेबलावर आदळला. "बाबा! हे सूत कुणाचं आहे? बोला ना, कुणाचं आहे?"

वाकून बाबांनी गाठीला बोट लावलं. धोटा हातातून सुटून पायावर पडला, तेही त्यांना कळलं नाही.

"सारखा बंद पडायचा," ते म्हणाले. "दहा-दहा मिनिटांनी. बाबूजींचं टाइप केलेलं उडून जायचं. म्हणून मी... चालतं मशीन थांबू द्यायचं नाही ना. मैंने तो अच्छे के लिए किया."

मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मारा," म्हणाले.

एक माणूस जागचा हलला नाही. नानासाहेबांनी शामरावांचे खांदे सोडले आणि बाबांच्या पाठीवरून हात फिरवला. "होता है, मिस्त्रीजी. जानबूझके थोडीच केलं तुम्ही? चूक कुणाच्याही हातून होते."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. आणि इथला चोर माझाच बाप होता. मला त्या सगळ्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. माझ्यासकट.

"किती वाजले?" शामरावांनी विचारलं. त्यांचा हात वांग्यासारखा सुजला होता.

"सव्वाबारा."

"डॉक्टरकडे चला, बाबूजी," कुणीतरी म्हणालं.

"तीननंतर," ते म्हणाले. "धनेश, डिस्क काढ."

दुकानात डिस्क लावली. दोनदा अडकली, तिसऱ्या वेळेला फिरली. सहाशे बाराच्या सहाशे बारा नावं तिथे होती. रस्त्यावर लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. एक म्हातारा तर रडायलाच लागला. आत यायची मात्र कुणाची हिंमत झाली नाही. बाबा पायरीवर पाठ करून बसले होते.

प्रिंटर करकरत पानं काढायला लागला. एकेचाळीस पानं होती. मी शामरावांच्या हाताला पट्टी बांधायला गेलो, तर त्यांनी हात मागे घेतला. डाव्या हातात पेन धरून ते सही करायला लागले. पहिल्या सहीला एक मिनिट लागलं. शाळेत नुकत्याच घातलेल्या पोरासारखं अक्षर. मी पान धरून ठेवत होतो, ते सही करत होते. सात-आठ पानं अशीच झाली.

"तू झाकण उघडलंस तेव्हा माझा हात शाबूत होता," मान वर न करता ते म्हणाले. "मी बघत होतो, धनेश. परत का लावलंस?"

"बाप आहे, बाबूजी," मी कसंबसं म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पान माझ्याकडे सरकवलं.

"पुढचं दे," म्हणाले.