बुडवून ठेवलेली होडी

मित्रांनो, तळ्याच्या काठावर शेवटच्या बाकापलीकडे एक हिरवी होडी बांधलेली दिसते ना, ती मी. वय झाले आहे माझे, पण आब अजून शाबूत आहे. पायाने चालवायच्या त्या प्लास्टिकच्या बदक-होड्यांना मी आमच्यात धरत नाही.

सुताराने मला घडवले तेव्हा हे हवापालटाचे गाव होते. उन्हाळा लागला की मोठे हॉटेल पाहुण्यांनी भरून जाई. बायका छत्र्या उघडून बसत, मुले पाण्यात हात घालत. नवी जोडपी एकमेकांकडेच बघत बसत, त्यांना तळे दाखवायला आणणे फुकट जाई. माझे मालक तात्या तेव्हा ऐन उमेदीत होते. त्यांच्या हातात वल्ही असली की पाहुण्यांच्या पोटातले पाणी हलत नसे. "काय डौलदार होडी आहे," असे कुणी म्हणाले की मला मूठभर मांस चढे. खोटे कशाला बोलू?

मग रुंद रस्ता झाला आणि शहर पार दारापर्यंत आले. हॉटेलाचे फ्लॅट झाले, नाचघरात किराणा मालाचे दुकान लागले, आणि गावाचे उपनगर झाले. पूर्वी लोक थकवा घालवायला इथे येत. आता दिवसभर शहरात राबून थकलेले घरी येतात आणि तळ्याकडचे पडदे ओढून घेतात. माझ्या सोबतच्या होड्या एकेक करून फोडल्या गेल्या. मी तेवढी उरले, ती तात्यांमुळे.

आता आमच्या जातीची एक खोड सांगते. थंडीभर काठावर पालथे पडून राहिले की आमच्या फळ्या सुकतात, आक्रसतात आणि सांध्यांत फटी पडतात. तशीच पाण्यात सोडली तर मी चाळणीसारखी गळेन. म्हणून हंगामाआधी तात्या मला हॉटेलामागच्या उथळ पाण्यात नेत, पोटात दगड भरत आणि चक्क बुडवत. काही दिवस मी पाणी पीत पडून राही. फळ्या फुगत, फटी मिटत. मग दगड काढले, पाणी उपसले की मी पुन्हा ठणठणीत. हे काम ते एकटेच उरकत. यात कुणाला सांगण्यासारखे काय आहे, असे त्यांना वाटे.

यंदा त्यांनी मला बुडवले आणि दुसऱ्याच दिवशी घराच्या पायरीवरून पडून खांदा मोडून घेतला. इस्पितळात भरती व्हावे लागले. मी पाण्याखाली, ते खाटेवर. त्यात तळ्याच्या कचेरीतल्या तपासनिसाची फेरी जवळ आली होती. होडीत पाणी झिरपताना दिसले की परवाना रद्द, आणि परवाना गेलेल्या होडीचे काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले होते.

तात्यांची सून औषधांच्या दुकानात काम करते. लग्न होऊन आली त्याला फार दिवस झालेले नाहीत. एका सुट्टीच्या दिवशी फिरता फिरता तिने मला पाहिले आणि शेजारणीला हाक मारली.

"पोरांनी दगड भरून बुडवली वाटतं," ती तिला म्हणाली. "तात्यांनी बघितलं तर हाय खातील हो."

दोघींनी पदर खोचले, दगड काढले, चार माणसे बोलावून मला उन्हात ओढले. अगं बाई, राहू दे, असे मला ओरडून सांगायचे होते. पण आम्हाला कुठली वाचा! मी खडखडीत वाळले. मग तिने फटींत लांबी, म्हणजे खिडकीच्या काचा बसवतात तो लगदा, भरली आणि वर झकास हिरवा रंग दिला. कामावरून आल्यावर, हात दुखेपर्यंत. इतक्या मायेने माझा घात कुणी केला नव्हता.

तात्या घरी आले आणि हात गळ्यात बांधलेला तसेच मला बघायला आले. त्यांनी लांबीवरून बोट फिरवले, आणि त्यांना सगळे कळले. सून बाजूला उभी होती, आता शाबासकी मिळणार म्हणून.

"रंग छान निवडलास," तात्या म्हणाले. मग जरा थांबून, "आता लांबी खरवडायची आणि हिला बुडवायची. फळ्यांना फुगायला फटींत जागा नको?"

त्यांनी सगळे समजावून सांगितले तेव्हा तिचा चेहरा पडला. "मी वाटोळं केलं ना, तात्या?"

"तू कसली करतेस? इतकी वर्षं मीच तोंड मिटून बसलो. कुणाला कळणार कसं?"

रोज संध्याकाळी ती लांबी खरवडत राहिली. मग तिनेच दगड भरले आणि मला पाण्याखाली जाताना डोळे पुसत पाहत राहिली. तपासनीस आला त्या सकाळीच तिने मला वर काढले होते. त्याने तळाला हात लावला, बोटे चोळली, पुन्हा लावला. "ओल आहे, पण झिरपत नाही," तो म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.

तेव्हा मित्रांनो, एखाद्या जुन्या वस्तूवर जीव जडला तर हात लावण्यापूर्वी विचारा. आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सांगून ठेवा. न सांगितल्यामुळे माझ्यावर काय पाळी आली होती ते तुम्ही ऐकलेच.

डॉक्टरांनी तात्यांना वल्ही कायमची बंद केली आहेत. त्यामुळे त्या संध्याकाळी वल्ह्यांवर सून बसली. आधी तिने मला जागच्या जागी गरगर फिरवले, मग कशीबशी वाटेला लावले. वल्ही मारणारा नेहमी पाठमोरा बसतो. तात्यांनी जन्मभर मागे पडणारा काठच पाहिला होता. आज ते पाहुण्यांच्या फळीवर, पुढे तोंड करून बसले होते. पलीकडची झाडे हळूहळू मोठी होत जवळ येत होती.

"इकडून असं दिसतं होय," तात्या म्हणाले.