निवांत, बेन

"हा घाला, आणि मुलगी सासरी रवाना होईपर्यंत काढू नका," असं म्हणत भानुबेनने काळा गॉगल भावाच्या मांडीवर ठेवला.

वजुभाईंनी तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. हातात कुठलीही वस्तू आली की ती आधी उजेडाकडे न्यायची, ही त्यांची चाळीस वर्षांची खोड. आता तो हात थरथरत होता, त्यामुळे गॉगलच्या काचेत लग्नाची वाडी, तिचं फाटक, फाटकावरची झेंडूची माळ, सगळंच डुगडुगायला लागलं.

"हा घालून मी नवरीचा मामा दिसेन, की नवरी पळवायला आलेला?"

सरोज, त्यांची बायको, फिसकन हसली. भानुबेन हसली नाही.

"मोटाभाई, चेष्टा पुरे. व्याह्यांना आपण डोळ्याचं ऑपरेशन सांगितलंय ना? मग गॉगल नको? आणि ऊर्वीला मांडवात जयंती आणेल. काकाचा मुलगा म्हणजे तोही मामाच. तुम्ही पहिल्या रांगेत बसा, लोक पाया पडतील, आशीर्वाद द्या."

वजुभाईंनी नुसती मान हलवली. बोलायला गेलो तर काय होईल ते त्यांना ठाऊक होतं. न बोलताही तेच झालं. डोळे भरले, हनुवटी थरथरली, आणि भानुबेनने धावत जाऊन दार लोटून घेतलं.

"बघा! मी काय वावगं बोलले का? आता वऱ्हाड दारात असताना असं झालं तर?" बोलता बोलता तिचाही आवाज फुटला. "तुम्हाला दुखवायला मला बरं वाटतं का?"

"तसं नाही गं," वजुभाई कसेबसे म्हणाले. त्यांना सांगायचं होतं की मला तुझा राग नाही आला. पण हुंदका एकदा सुरू झाला की तो संपेपर्यंत वाट बघायची, दुसरा इलाज नाही, हे त्यांना दोन वर्षांत कळलं होतं.

आमच्याकडे काठियावाडात नवरीचं पानेतर, ती लाल काठाची पांढरी साडी, मामाच्या घरून येते. ती नेसलेल्या नवरीला हात धरून मांडवात आणायचा मान मामाचा. वजुभाईंनी अमरेलीत माणेकशेठच्या दुकानात गादीवर बसून उभा जन्म ही पानेतरं विकली. स्वतःला मूलबाळ नाही. सख्खी बहीण एक, तिची मुलगी एक. ऊर्वीचं पानेतर त्यांनी ती दहावीत असतानाच मनात ठरवून ठेवलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या मामांना बांधून दिलं, एकदा आपण मामा म्हणून घ्यायचं, एवढीच त्या माणसाची हौस.

दुकानात त्यांचं नाव होतं ते काही साड्यांच्या पारखेसाठी नाही. पारखी पुष्कळ असतात. नाव होतं ते वेगळ्या कारणाने. पानेतर घ्यायला मुलगी, आई, मावश्या, अख्खी फौज येते. भाव होतो, चहा होतो, हसणं-खिदळणं होतं, आणि एखादं पानेतर मुलीच्या खांद्यावर टाकलं की आईचा चेहरा एकाएकी बदलतो. भर दुकानात, परक्या माणसांसमोर, बाईला रडायचंही नसतं आणि थांबवताही येत नाही. वजुभाईंना ते तिच्याही आधी कळायचं. ते लगेच गादीवर उठून उभे राहायचे, एखादी साडी फडकन उलगडायचे, दोन्ही हात उंच करून पदर उजेडात धरायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "हा रंग बघा, असा रंग पुन्हा येणार नाही!" दुकानाला दिसायचा पदर. पदराआड ती आई. मग ते हळूच, तिलाच ऐकू जाईल असं म्हणायचे, "निवांत, बेन. दुकान आपलंच आहे." तिने डोळे पुसले, नाक शिंकरलं की साडी खाली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे आलेली लहानगी ऊर्वी दुकानातच असायची. तिने एकदा विचारलं होतं, "मामा, ती साडी तर कुणी मागितलीच नव्हती. मग दाखवली कशाला?"

"दाखवत नव्हतो गं. झाकत होतो."

त्यानंतर ती पदराचं दुसरं टोक धरायला लागली.

आणि अशा माणसाला हे व्हावं! आधी हात थरथरायला लागला, मग पाऊल मध्येच जमिनीला चिकटायला लागलं, विशेषतः दारात, अरुंद जागेत. राजकोटच्या डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून सांगितलं. ते सगळं वजुभाईंनी निभावलं असतं. पण पाठोपाठ हे रडणं आलं. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर टाकली की रडू. टीव्हीवर जाहिरातीतल्या पोराला आजोबा सायकल शिकवतात, की रडू. दुकानात शेवटच्या महिन्यात एका आईला झाकायला म्हणून त्यांनी साडी वर धरली, तर साडी थरथरत राहिली आणि मागून आईपेक्षा मोठ्याने वजुभाईच रडत होते. ती बिचारी आपलं रडू विसरून त्यांच्यासाठी पाणी आणायला धावली. त्या संध्याकाळी त्यांनी शेठना नमस्कार केला आणि गादीवरून उतरले ते कायमचे.

डॉक्टर म्हणाले होते, "हाही त्या आजाराचाच भाग आहे, काका. तुम्ही दुबळे झालात असं नाही. आलं तर येऊ द्या, सावकाश श्वास घ्या, नजर दुसऱ्या कशावर तरी लावा. आणि लोकांना आधीच सांगून टाका. लपवायला गेलात की दुप्पट येईल." औषधही बदलून दिलं होतं, त्याने थोडा उतार पडला होता. पण सांगून टाकायचं काही जमलं नव्हतं.

ते न जमल्याचा घोटाळा गोळधाण्याच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी झाला. सावरकुंडल्याचे पाहुणे आले, ऊर्वी आणि मुलगा शेजारी बसले, सगळ्यांच्या तळहातावर गूळ आणि धणे पडले. मुलाची आजी जेकोरबा हौसेने म्हणाल्या, "आता वजुभाईंनी सांगावं, जोडा कसा आहे?" वजुभाईंनी तोंड उघडलं आणि ते हमसाहमशी रडले. दुसऱ्या कुणी रडलं असतं तर म्हातारं माणूस म्हणून सोडून दिलं असतं. पण चाळीस वर्षं साड्या विकलेला माणूस! कोणत्या घरात सून सुखी आहे आणि कोणत्या घरात नुसती नटलेली आहे, हे वजुभाईंना खरेदीवरून कळतं, अशी गावात ख्याती. पाहुण्यांनी गूळ तोंडात टाकला आणि घरी जाऊन तर्क लढवले. मामाला मुलीचं काहीतरी ठाऊक आहे. नाहीतर आपल्या मुलाचं काहीतरी ठाऊक आहे. चार दिवस तिकडून फोन नाही. शेवटी भानुबेनच्या नवऱ्याने मोतीबिंदूच्या ऑपरेशनची आणि त्यामुळे गळणाऱ्या डोळ्यांची गोष्ट रचली आणि लग्न वाचवलं. आजाराचं नाव काढलं तर मुलीच्या आजोळच्या रक्तात आहे म्हणतील, ही भीती. आता त्याच ऑपरेशनचा गॉगल वजुभाईंच्या मांडीवर होता.

"ऐकलंत का, गोळीची वेळ झाली," सरोज म्हणाली. त्यांनी गोळी घेतली. मग गॉगल लावला, काठी घेतली आणि उभे राहिले.

"कुठे निघालात?"

"व्याह्यांना भेटून येतो. मामाने जानवशावर जायला नको?"

सरोजने त्यांच्याकडे नीट पाहिलं. सदतीस वर्षं संसार केलेली बाई. "मी येऊ?"

"नको. तू भानुला धरून ठेव."

जानवसा रस्त्याच्या पलीकडेच होता. वऱ्हाडी नुकतेच येऊन गाठिया-जिलबीवर बसले होते. जेकोरबा कोपऱ्यात खुर्चीवर बसून गाठियाचा एकेक तुकडा चहात बुडवत होत्या. दात नव्हते, नजर मात्र शाबूत.

"या, वजुभाई! दोन महिने झाले, डोळा काही बरा होईना तुमचा. आंधळ्या डॉक्टरकडे गेला होता का?"

वजुभाईंनी गॉगल काढून खिशात ठेवला.

"बा, ऑपरेशन झालंच नाही. आम्ही खोटं बोललो."

बुडवलेला गाठिया चहात राहिला. वजुभाईंना वाटलं, इथून परत फिरता येणार नाही. बाहेर बँडवाला पिपाणी साफ करत होता. आपल्या एका वाक्याने तो बँड गुपचूप परत गेला तर? पोरीच्या हाताची मेंदी अजून लाल आहे. त्यांनी सावकाश श्वास घेतला, नजर जेकोरबांच्या कपाच्या दांडीवर लावली आणि सगळं सांगितलं. आजाराचं नाव, हात, पाय. "आणि हे रडणं. ते न विचारता येतं. आनंदाला तेच, दुःखाला तेच. त्या दिवशी जोडा बघून मला इतकं बरं वाटलं होतं, बा. सुरुवात आनंदानेच झाली. मग थांबवता आलं नाही."

एवढं सांगेपर्यंत गाल ओले झाले होतेच. त्यांनी ते पुसले नाहीत.

"मग त्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही! मी नातवाला कोंडून विचारलं, बाबा रे, काय लपवलंयस ते सांग."

"चुकलं, बा."

"पोरीला होईल का हे?"

"डॉक्टर म्हणाले, मामाचं भाचीला येण्यासारखं हे नाही. पण मी शपथेवर सांगू शकत नाही. तुम्हाला ठरवायचं असेल तर आत्ता ठरवा."

जेकोरबांनी चमच्याने गाठिया बाहेर काढला. तो विरघळून गेला होता. त्यांनी तसाच खाल्ला.

"आमच्या धन्याचा दमा मला लग्नानंतर आठव्या दिवशी कळला," त्या म्हणाल्या. "सासूने तोवर त्यांना माडीवर झोपवलं होतं. तुम्ही निदान हस्तमेळापात हात हातात पडण्याआधी आलात." मग जरा थांबून म्हणाल्या, "पोरीला मांडवात कोण आणणार?"

"जयंती. आमच्या काकांचा मुलगा."

"पानेतर त्याने घेतलं?"

"नाही. मी."

"मग तो मध्ये कशाला कडमडतोय? ज्याचं पानेतर, त्याने आणायचं. रडा, नाहीतर नाचा. जा आता, माझा चहा गार झाला."

परत येऊन सांगितलं तेव्हा भानुबेनने कपाळाला हात लावला. "मोटाभाई, तुम्ही जाऊन सांगून आलात? लग्नाच्या दिवशी? आणि त्या काही बोलल्या नाहीत?"

"बोलल्या की. चहा गार झाला म्हणाल्या."

भानुबेन आधी चिडली, मग रडली, मग भावाच्या गळ्यात पडली. सरोजने गुपचूप जयंतीच्या हातात सरबताचा ट्रे दिला आणि त्याला कामाला लावलं.

साडेअकराला नवरदेव मांडवात बसला. महाराजांनी हाळी दिली, "कन्या पधरावो, सावधान!" बायकांनी गाणं उचललं. ऊर्वी पानेतर नेसून, डोक्यावर लाल चुंदडी घेऊन बाहेर आली आणि मामाने हात पुढे केला. तो थरथरत होता. तिने तो घट्ट धरला.

अंगण त्यांनी चांगलं ओलांडलं. मांडवाच्या दोन खांबांमध्ये, फुलांच्या कमानीखाली, जागा अरुंद झाली आणि वजुभाईंचं पाऊल जमिनीला चिकटलं. ते पुढे झुकले, पाय उचलेना. दोनशे माणसं बघत होती. समोर जोडीने भानुबेन आणि तिचा नवरा बसले होते, जावई बसला होता, आणि वजुभाईंच्या छातीतून ते वर येऊ लागलं. श्वास सावकाश घेतला. नजर कमानीच्या झेंडूवर लावली. काही उपयोग झाला नाही. तोंड वाकडं झालं आणि पहिला हुंदका बाहेर पडला. गाणाऱ्या बायका अडखळल्या. मागून जयंती ट्रे ठेवून पुढे यायला लागला.

ऊर्वीने त्यांचा हात सोडला. डोक्यावरची चुंदडी घसरली असावी तशी ती मामाकडे वळली, चुंदडीचा पदर दोन्ही हातांत घेतला आणि हात उंच केले. मांडवाला दिसली ती लाल चुंदडी, तिच्यावरचे पिवळे ठिपके. चुंदडीआड वजुभाई.

"काय झालं? नवरी का थांबली?" महाराजांनी विचारलं.

"तुम्हाला कसली घाई?" जेकोरबांचा आवाज आला. "चुंदडी सारखी करतेय पोर. गा गं बायांनो, घसा बसला का?"

बायकांनी पुन्हा गाणं धरलं.

आत सगळा उजेड लाल होता. त्यात ऊर्वीचा चेहरा, तिच्या कपाळावरच्या चंदनाच्या टिकल्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती.

"निवांत, मामा," ती हळूच म्हणाली. "मांडव आपलाच आहे."

वजुभाई रडले. मनसोक्त रडले, कुणाला न लपवता आणि कुणाला न दिसता. चाळीस वर्षांत पदराच्या या बाजूला ते कधी उभे राहिले नव्हते. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. त्याच्याबरोबर गॉगल खाली पडला, तो तसाच राहू दिला. डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि सवयीने वर, उजेडाकडे पाहिलं.

"कोपरं वर घे," ते म्हणाले. "पदर जमिनीला टेकतोय."

तिने कोपरं वर घेतली. वजुभाईंनी उजवा पाय उचलला.